बिनतारी संभाषण आणि त्याची शिस्त

एकत्र कुटुंबाचें घर आतां बहुधा एका छपराखालीं उरलेलें नाहीं. आजोबा-आजी साताऱ्यास, थोरले चिरंजीव पुण्यास, धाकटे बेंगळुरास आणि कन्या-जांवई सातासमुद्रांपलीकडे, अशी ज्यांची मांडणी नाहीं अशीं सुशिक्षित घराणीं आज थोडींच आढळतील. तथापि कुटुंब मोडलें असें म्हणण्याचें कारण नाहीं. पूर्वीं तें भिंतींनीं बांधलेलें होतें, आतां तें आवाजानें बांधलेलें आहे. रविवारीं सकाळीं येणारा मुलीचा कॉल, तिन्हीसांजेस नातवंडानें म्हणून दाखविलेली शुभंकरोति, दवाखान्यांतून आलेला दोन शब्दांचा निरोप, या धाग्यांवर आज घर उभें आहे. आणि हे धागे बहुतेक ठिकाणीं हवेंतून, म्हणजे बिनतारी यंत्रांवरून, व इंटरनेटच्या मार्गानें जातात.

हा धागा वारंवार तुटतो, हा अनुभव कोणास नाहीं? बोलतां बोलतां आवाज पाण्यांत बुडाल्यासारखा होतो, मधलीं अक्षरें गळतात, दोघेंहि एकदम बोलूं लागतात व एकदम गप्प होतात. अशा वेळीं घरांत एकच निदान होतें, कीं नेट हळू आहे. आणि एकच औषध सुचतें, कीं अधिक वेगाचा व अधिक किमतीचा प्लॅन घ्यावा. पैसे जातात, पण दुखणें पुष्कळदां तसेंच राहतें. कारण रोग वेगाचा नसून शिस्तीचा असतो. हवेंतून जाणाऱ्या बोलण्यास रुंद रस्ता लागत नाहीं. त्यास वेळेवर पाळी लागते. ही पाळी कोणी, कोणास व कोणत्या नियमानें द्यावी, हा या शास्त्रांतील मुख्य प्रश्न होय. तो समजून घेतल्यास घरांतील दुखणें पुष्कळ अंशीं हटेल, आणि त्याबरोबरच सार्वजनिक न्यायाचा एक प्रश्नहि नीट ध्यानांत येईल.

आवाजाचें ओझें

टेलिफोनवरील आवाज अंकांत कसा उतरवितात तें प्रथम पाहूं. जुन्या व अद्याप प्रचारांत असलेल्या एका पद्धतींत दर सेकंदास ८००० वेळां आवाजाचें माप घेतात व प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याचे ६४,००० बिट झाले. हें बोलणें इंटरनेटवर अखंड धारेसारखें जात नाहीं. त्याचे २० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाचे, तुकडे करतात. प्रत्येक तुकडा लिफाफ्यांत घालून त्यावर पत्ता, अनुक्रमांक व वेळ घालतात, आणि तो रवाना करतात. या लिफाफ्यास पॅकेट असें नांव आहे. तेव्हां आपण नुसतें “कसे आहांत?” इतकें विचारलें, तरी तेवढ्या एका सेकंदांत पन्नास पत्रें टपालांत पडलेलीं असतात, व पलीकडूनहि तितकींच येत असतात.

एका पत्रांतील मजकूर १६० बाइटांचा व त्यावरील पत्ता ४० बाइटांचा. आवाज दाबून लहान करण्याच्या ज्या पद्धति पुढें निघाल्या, त्यांपैकीं एकींत हाच मजकूर अवघ्या २० बाइटांत मावतो. मग लिफाफाच पत्राच्या दुप्पट वजनाचा होतो. कसेंहि असो, हें ओझें फार नव्हे. घरीं उत्तम प्रतीचा चित्रपट पाहतांना सेकंदास चाळीस-पन्नास लक्ष बिट सहज येत असतात. त्या भरल्या बैलगाडीपुढें बोलण्याचें ओझें म्हणजे हळदीकुंकवाचें पंचपाळें.

उशीरा आलेला शब्द

मग अडचण कोठें आहे? ती वेळेंत आहे. चित्रपट कांहीं सेकंद आधीं मागवून साठवितां येतो. पत्र अर्ध्या तासानें उघडलें तरी त्याचा अर्थ बदलत नाहीं. संभाषण मात्र घडतें त्या क्षणींच पोंचावें लागतें. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारसीप्रमाणें तोंडांतून निघालेला शब्द १५० मिलिसेकंदांच्या आंत पलीकडच्या कानीं पडला, तर बोलणें बहुतेकांस सहज वाटतें. ४०० मिलिसेकंदांच्या पुढें विलंब जाऊं देऊं नये. या दोहोंच्या दरम्यान संभाषण चालतें, पण माणसें एकमेकांचें बोलणें तोडूं लागतात, आणि मनांत राग नसतांहि रागावल्यासारखीं भासतात.

या १५० मिलिसेकंदांतून निसर्ग आपला वांटा आधींच काढून घेतो. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेनें सुमारें १२,५०० किलोमीटर आहे, आणि कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. म्हणजे ६० मिलिसेकंदांहून अधिक वेळ नुसत्या प्रवासांतच गेला. शिवाय समुद्रतळींच्या तारा सरळ रेषेनें जात नाहींत. १९७० नंतरच्या दशकांत पुणें जिल्ह्यांतील आर्वी येथील भूकेंद्रावरून उपग्रहामार्फत परदेशीं कॉल जात असत. ज्यांनीं ते केले असतील त्यांस प्रश्न व उत्तर यांमध्यें पडणारा तो विचित्र खंड आठवेल. उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. तेथपर्यंत जाऊन खालीं येण्यास शब्दाला सुमारें पाव सेकंद लागे, आणि उत्तरास परत तितकाच.

संभाषणाचा हा स्वभाव शास्त्रज्ञांच्या ध्यानांत फार लवकर आला. १९७४ च्या ऑगस्टांत, आजच्या इंटरनेटचा पूर्वज जें आर्पानेट त्यावरून, कॅलिफोर्निया व मॅसॅच्युसेट्स येथील दोन प्रयोगशाळांमध्यें पॅकेटांच्या द्वारें बोलणें झालें. या प्रयोगाचे एक प्रमुख, डॅनी कोहेन, यांस तेव्हांच्या जाळ्याची एक सवय अडूं लागली. एखादें पॅकेट हरवलें कीं जाळें तें पुन्हां मागवी, व तें येईपर्यंत मागचीं सर्व थांबवून धरी. हिशेबाच्या कागदांस हा नियम योग्यच. बोलण्यास तो घातक. मुहूर्त टळल्यावर आलेल्या अक्षता कोणाच्या डोक्यावर टाकावयाच्या? गळलेलें अक्षर गळूं द्यावें आणि पुढें चालावें, हा संभाषणाचा धर्म. म्हणून पुढें १९८० सालीं जी साधी वहनपद्धति ठरली, तींत हरवलेलें पॅकेट पुन्हां मागविण्याची खटपटच नाहीं. आजचें इंटरनेटवरील बोलणें बहुतांशीं तिच्यावरच चालतें.

विलंबापेक्षांहि त्रासदायक म्हणजे विलंबाची अनियमितता. एक पॅकेट ४० मिलिसेकंदांत आलें, दुसरें ९० मध्यें, तिसरें ५० मध्यें, तर आवाज तुटक होतो. म्हणून ऐकणाऱ्याचें यंत्र आलेलीं पॅकेटें क्षणभर दारांत उभीं करतें आणि समान अंतरानें आंत सोडतें. एखादें अगदींच आलें नाहीं, तर मागील आवाजाचाच धागा किंचित् ओढून तें भोंक झांकतें. पण दारांत जितका वेळ थांबवावें तितका विलंब वाढतो; म्हणजे एका दुखण्याच्या औषधानें दुसरें बळावतें. खरा उपाय एकच, कीं मुळांत पॅकेटें वेळेवर निघावींत.

एक आड, सात बिऱ्हाडें

येथें बिनतारी मार्गाची विशेष अडचण पुढें येते. तार ज्याची त्याची निराळी घालतां येते; हवा समाईक असते. सात बिऱ्हाडांच्या वाड्यांत आड एकच असावा, तशी ही स्थिति आहे.

१९७१ सालीं हवाई बेटांवरील विद्यापीठांत प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं बेटाबेटांतील यंत्रें बिनतारी मार्गानें जोडलीं. नियम सोपा होता. ज्याला पाठवावयाचें त्यानें पाठवावें. दोघांचे संदेश एकमेकांवर आदळून नासले, तर दोघांनीं वाटेल तितका वेळ थांबून पुन्हां पाठवावें. गणित असें सांगतें कीं या मोकळिकींत हवेचा उपयोग फार तर शेंकडा १८ होतो. बाकीचा काळ टकरींत किंवा रिकामा जातो. आपल्या घरांतील वायफाय याच कुळांतील, पण अधिक सुसंस्कृत आहे. तेथें प्रत्येक यंत्र प्रथम ऐकतें. हवा शांत असली तर आणखी थोडें थांबतें. मग मनांतल्या मनांत एक आंकडा धरून तितके क्षण मोजतें, आणि तरीहि शांतता असेल तर बोलतें. दुसऱ्यानें “पावलें” असें कळविल्यावर एक पाळी पुरी होते.

या शिष्टाचारास किती वेळ लागतो तो हिशेब उद्बोधक आहे. १९९९ सालीं निघालेल्या वायफायच्या एका पद्धतीचा वेग सेकंदास १ कोटि १० लक्ष बिट असा सांगत. एका दुतर्फा संभाषणास १,२८,००० बिट लागतात. तेव्हां सरळ भागाकारानें पंच्याऐंशी संभाषणें एकदम चालावीं. प्रत्यक्षांत दहा-बारा झालीं कीं आवाज तुटूं लागे. कारण एक पॅकेट पोंचविण्यास सुमारें ९४० मायक्रोसेकंद लागत, आणि त्यांपैकीं प्रत्यक्ष आवाजाच्या वाट्यास येत अवघे सुमारें ११६. बाकीचा काळ थांबणें, आंकडा मोजणें, यंत्रांनीं एकमेकांस सावध करणें, पत्ता वाचणें व पोंच देणें यांतच जाई. आडांतून लोटाभर पाणी काढावयाचें असो कीं घागरभर, पोहरा तितकाच खोल सोडावा लागतो. बोलणें हें लोट्यालोट्यानें पाणी नेणारें बिऱ्हाड आहे. त्याचें पाणी थोडें, पण खेपा अतिशय. रस्ता रुंद केल्यानें खेपा कमी होत नाहींत, हें येथें स्पष्ट होतें.

दुसरी एक गोष्ट घरोघर घडते, पण ओळखूं येत नाहीं. राउटरपासून दूर, दोन भिंतींआड बसलेल्याचा फोन क्षीण लहरींमुळें संथ गतीनें बोलतो. पाळी सर्वांस सारखी मिळते, पण हा आपल्या पाळींत दहापट वेळ घेतो, आणि तितका वेळ जवळच्या वेगवान् फोनांसहि ताटकळावें लागतें. माजघरांतील एका संथ यंत्रामुळें दिवाणखान्यांतील संभाषण बिघडतें, तें असें.

पंगतीचा क्रम

हें जाणून आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेनें २००५ सालीं वायफायसाठीं पंगतीचा क्रम लावून दिला. त्यांत चार वर्ग आहेत. पहिला आवाजाचा, दुसरा चलच्चित्राचा, तिसरा सामान्य कामाचा, आणि चौथा पाठीमागें सावकाश चालणाऱ्या कामाचा. मान कसा द्यावयाचा याची युक्ति मोठी सुंदर आहे. कोणी पंच बसवून निवाडा केला नाहीं; फक्त थांबण्याचे नियम बदलले. सामान्य पॅकेटानें आंकडा धरावयाचा तो ० ते १५ यांमधून; आवाजाच्या पॅकेटानें ० ते ३ यांमधून. शिवाय मोजावयास आरंभ करण्यापूर्वींची शांतताहि आवाजास थोडी कमी पाळावी लागते. अर्थात् बहुतेक वेळां आवाज पुढें निसटतो, आणि इतरांस क्वचितच त्याचें भान होतें.

परंतु या मानाचा एक दोष आहे. दोन सामान्य यंत्रांनीं सोळा आंकड्यांतून तोच आंकडा धरण्याचा संभव सोळांत एक. आवाजाचीं दोन यंत्रें चार आंकड्यांतून निवडतात, म्हणून तेथें तोच संभव चारांत एक. आवाजवाले थोडे असतील तोंपर्यंत सोय उत्तम. तेच फार झाले, किंवा भलत्याच कामांनीं आवाजाचा टिळा लावून पहिल्या पंगतींत घुसखोरी केली, तर टकरी वाढतात आणि पहिल्या पंगतीचें सुख शेवटच्या पंगतीहून कमी होतें. सर्वांनाच पहिला मान दिला म्हणजे तो कोणासच दिला नाहीं, असें होतें.

अलीकडे खेपाच कमी करण्याकडे लक्ष गेलें आहे. २००९ सालच्या पद्धतींत एका खेपेंत अनेक पॅकेटें एकत्र बांधण्याची सोय झाली. आणि वायफाय ६ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या पद्धतींत राउटरला एकाच वेळीं निरनिराळ्या यंत्रांच्या लहान चिठ्ठ्या हवेच्या निरनिराळ्या पट्ट्यांतून नेतां येतात. आडावर एकाऐवजीं चार रहाट बसविण्यासारखाच हा प्रकार आहे.

दारांतच नकार

पंगत लावली तरी पानें किती मांडावीं हा प्रश्न उरतोच. याचें उत्तर बिनतारी इंटरनेटच्या पुष्कळ आधीं, कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनींतील आग्नेर क्रारूप एर्लांग या डॅनिश गणितज्ञानें दिलें. १९०९ सालीं त्यानें असें दाखविलें कीं कॉल कोणत्या क्षणीं येतील तें सांगतां आलें नाहीं, तरी किती येतील याचा संभव गणितानें सांगतां येतो. आणि १९१७ सालीं त्यानें तें प्रसिद्ध सूत्र दिलें, ज्यावरून अमुक लाइनी असतां शेंकडा किती कॉलांस नकार मिळेल तें काढतां येतें. तासभर अखंड चाललेलें एक संभाषण म्हणजे एक एर्लांग, असें आज त्याच्या नांवानें माप चालतें.

या सूत्रांतून निघणारी एक गोष्ट आमच्या वाचकांस विशेष रुचेल. शंभरांत एकाहून अधिक नकार मिळूं नये अशी अट घातली, तर पांच लाइनींवर १.३६ एर्लांग इतकें बोलणें चालतें. अशा दोन निरनिराळ्या पंचकांवर मिळून २.७२ झालें. पण त्याच दहा लाइनी समाईक केल्या, तर ४.४६ एर्लांग चालतात. वेगळ्या चुलींपेक्षां एकत्र स्वयंपाकांत धान्य पुरवठ्यास येतें, हा आपल्या आजीबाईंचा अनुभव गणितासहि मान्य आहे. मात्र समाईकपणाबरोबर मर्यादा पाळावी लागते, हेंहि तेंच गणित सांगतें.

ही मर्यादा म्हणजे प्रवेशाचें नियमन. जेथें दहा संभाषणें नीट चालतात तेथें अकरावें आंत घेतलें, तर तें एकटेंच बिघडत नाहीं, अकराहि बिघडतात. म्हणून चांगली व्यवस्था अकराव्यास दारांतच सांगते कीं जागा नाहीं. “या मार्गावरील सर्व लाइनी व्यस्त आहेत” हें वाक्य ऐकून आपण चिडत होतों. पण आंत घेतलेल्यांचें बोलणें पुरें व्हावें, ही त्यांतील सद्बुद्धि होती. पान वाढून मग अर्ध्या जेवणावरून पाहुण्यास उठविणें अधिक अशिष्ट नव्हे काय? इंटरनेटवर मात्र दारांत कोणी उभा नसतो. तेथें प्रत्येकास प्रवेश आहे, आणि म्हणून गर्दीच्या वेळीं सर्वांचींच पानें अर्धवट राहतात.

टॉवरखालची व्यवस्था

मोबाइलच्या टॉवरची रीत घरच्या वायफायहून निराळी आहे. तेथें फोन आपण होऊन बोलत नाहींत. टॉवर कर्त्या पुरुषाप्रमाणें प्रत्येकाची पाळी ठरवितो. ४जी पद्धतींत हा निवाडा दर मिलिसेकंदास होतो. भारतांत सप्टेंबर २०१६ मध्यें जिओनें जें जाळें सुरू केलें, त्यांत साधें बोलणेंहि पॅकेटांच्याच रूपानें जाऊं लागलें. यालाच व्होल्टी म्हणतात. तेव्हां आपण इंटरनेट वापरीत नाहीं असें समजून जो साधा कॉल लावतों, तोहि आतां बहुधा इंटरनेटच्याच पद्धतीनें जातो.

पण त्याची वाट राखीव असते. व्होल्टीच्या कॉलास टॉवर ठराविक जागा हमखास देतो. फोनपासून कंपनीच्या जाळ्याच्या कडेपर्यंत विलंब १०० मिलिसेकंदांच्या आंत असावा आणि शंभरांत एकाहून अधिक पॅकेट गळूं नये, असें त्याचें प्रमाण ठरलें आहे. व्हॉट्सॲपसारख्या साधनावरून केलेला कॉल बहुधा सामान्य वाटेनें, चित्रपट व बातम्या यांच्या गर्दींतून जातो. त्या वाटेस विलंबाचें प्रमाण ३०० मिलिसेकंद आहे आणि जागेची हमी नाहीं. एकाच फोनवरून, एकाच जागीं, दोन कॉलांत जो फरक जाणवतो त्याचें इंगित हें आहे.

या व्यवस्थेंतील काटकसरहि पाहण्यासारखी आहे. चाळीस बाइटांचा पत्ता फोन व टॉवर यांमध्यें तीन-चार बाइटांपर्यंत दाबतात, कारण दोघांसहि तो ठाऊक असतो. शिवाय संभाषणांत एक बोलत असतां दुसरा बहुधा ऐकत असतो. मग त्याच्या मौनाचीं पॅकेटें कशास पाठवावीं? म्हणून मौनाच्या वेळीं फक्त अधून-मधून एक लहानशी खूण पाठवितात. पण पूर्ण निःशब्दता कानीं पडली तर ऐकणारा “हॅलो, हॅलो” करूं लागतो, त्यास फोन तुटलासें वाटतें. यास्तव ऐकणाऱ्याचा फोन स्वतःच एक मंद खरखर निर्माण करतो. आपल्या मुलाच्या खोलींतील म्हणून जी शांतता आपण ऐकतों, ती पुष्कळदां आपल्याच हातांतील यंत्रानें रचलेली असते.

मान कोणास व कां?

आतां न्यायाचा प्रश्न. जेथें क्रम लावणें भाग आहे, तेथें तो कशावरून लावावा? पूर्वींच्या ट्रंक कॉलांत ऑर्डिनरी, अर्जंट व लाइटनिंग असे वर्ग होते. जो अधिक दर देई त्याचा कॉल आधीं लागे. म्हणजे क्रम पैशाचा होता, आणि मृत्यूची वार्ता कळवावयाची असली तरी गरिबास तो दर परवडेपर्यंत थांबावें लागे.

हाच वाद नव्या रूपानें आपल्याकडे उभा राहिला. डिसेंबर २०१४ मध्यें एअरटेलनें इंटरनेटवरील कॉलांसाठीं निराळा आकार घेण्याचें जाहीर केलें. लोकमत प्रक्षुब्ध झाल्यावर तो बेत कांहीं दिवसांत मागें घेतला. पुढील वर्षीं ट्राय या नियामक संस्थेनें लोकांचें मत मागविलें, तेव्हां दहा लाखांहून अधिक पत्रें इंटरनेटवरून तिच्याकडे गेलीं. फेब्रुवारी २०१६ मध्यें ट्रायनें मजकुराच्या प्रकारावरून निरनिराळे दर लावण्यास मनाई केली, आणि जुलै २०१८ मध्यें केंद्र सरकारनें जाळ्याच्या निःपक्षपातीपणाचीं तत्त्वें मान्य केलीं. त्यांत वाजवी व्यवस्थापनास मोकळीक आहे, भेदभावास नाहीं.

या दोहोंतील रेषा कोठें ओढावी? आमच्या मतें कसोटी साधी आहे. आवाजास त्याच्या स्वभावामुळें, म्हणजे उशीर झाला असतां तो निरुपयोगी होतो म्हणून, आधीं वाट दिली, तर ती व्यवस्था झाली. एका कंपनीच्या आवाजास वाट दिली आणि दुसरीच्या आवाजास मुद्दाम अडविलें, तर तो पक्षपात झाला. घरांत लहान मुलास व आजाऱ्यास आधीं जेवूं घालतात, त्यांत कोणाचा अपमान होत नाहीं, कारण क्रम भुकेवरून लावलेला असतो. संकटकाळीं ११२ या क्रमांकावर केलेल्या कॉलास सर्वांच्या आधीं वाट देतात, त्यासहि हाच न्याय लागू आहे. हा विवेक आपण सामान्य नागरिकांनीं समजून घेतला नाहीं, तर व्यवस्थेच्या नांवाखालीं पक्षपात आणि समतेच्या नांवाखालीं गोंधळ, दोन्ही आपल्या माथीं बसतील.

घरांत काय करावें

असो. आतां गृहव्यवस्थेकडे वळूं. राउटर घराच्या मध्यभागीं व उंचावर ठेवावा. लोखंडी कपाटांत, टेलिव्हिजनमागें किंवा स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीशेजारीं ठेवूं नये. ती भट्टी व वायफायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा यांच्या लहरी जवळपास एकाच जातीच्या आहेत. या पट्ट्यांत एकमेकांस न अडणारे मार्ग सामान्यतः तीनच (१, ६ व ११) असल्यामुळें शेजाऱ्यांचीहि गर्दी तेथेंच असते. राउटरजवळ बसून बोलणाऱ्यानें ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा घ्यावा. तो भिंतींतून कमी जातो, पण मोकळा असतो. ज्यांच्या घराच्या भिंती दगडी व जाड आहेत त्यांनीं दूरच्या खोलीसाठीं तार ओढून दुसरें लहान केंद्र बसविणें श्रेयस्कर. टेलिव्हिजन व टेबलावरील संगणक शक्य तर तारेनेंच जोडावे. जीं यंत्रें जागचीं हलत नाहींत त्यांनीं समाईक हवा कां अडवावी?

दुसरी गोष्ट चढत्या मार्गाची. मुंजीचे किंवा लग्नाचे हजार फोटो कोणी आपल्या फोनमधून दूरच्या साठ्यांत चढवूं लागलें, कीं राउटरच्या पोटांत रांग साचते. चढता वेग सेकंदास २० लक्ष बिट असतां रांगेंत अडीच लक्ष बाइट साचले, तर मागून आलेल्या आवाजाच्या पॅकेटास पुरा एक सेकंद तिष्ठावें लागेल. जिम गेटिस या अभियंत्यानें २०१० च्या सुमारास याच दोषाकडे जगाचें लक्ष वेधलें. २०१२ सालीं कॅथलीन निकल्स व व्हॅन जेकबसन यांनीं रांगेच्या लांबीपेक्षां तींत गेलेला वेळ मोजणारी रीति काढली, आणि आज ती व तिच्यावरून निघालेल्या रीति कांहीं राउटरांत असतात. नवा राउटर घेतांना नुसत्या वेगाचा आंकडा न पाहतां ही सोय आहे कीं नाहीं, हें विचारावें. ती नसेल तर मोठें चढविण्याचें काम रात्रीं सर्व निजल्यावर करावें.

ज्या घरांत टॉवरची लहर क्षीण आहे, तेथें फोनमधील वायफाय कॉलिंगची सोय चालू करावी. आपल्याकडे ती डिसेंबर २०१९ पासून मिळूं लागली. मात्र मग साधा कॉलहि घरच्या वायफायच्या शिस्तीवर अवलंबून राहतो, हें विसरूं नये.

आणि शेवटीं जी गोष्ट कोणतेंहि यंत्र करूं शकत नाहीं ती. आजी परदेशींच्या नातीशीं बोलत असतां इतरांनीं दहा मिनिटें चित्रपट थांबवावा, खेळ बंद ठेवावा, इतका समजूतदारपणा घरांत असावा. राउटरला आवाजाचें पॅकेट ओळखतां येतें. त्या आवाजाची वाट कोण आठवडाभर पाहत बसलें होतें, हें त्यास कळत नाहीं. तें घरच्या माणसांनींच ओळखून हवा मोकळी करून द्यावयाची असते.